घर राखायला कोणी मागे राहू नये

उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या व्यापारी कुटुंबांत दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. मुले विचारतात, "या वर्षी कुठे जायचे?" आणि दुकानाच्या गादीवरून उत्तर येते, "लग्नसराई आहे, आता कसे जमेल?" या दोन वाक्यांच्या मधोमध घरातील वडीलधारी मंडळी गप्प बसलेली असतात. त्यांना कोणी विचारत नाही आणि विचारलेच तर त्यांचे उत्तर ठरलेले असते : "तुम्ही जा, मी घर राखते."

हे शेवटचे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून अनेक वर्षे ऐकले. त्याचे कारण मीच होतो, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

1999 सालच्या मे महिन्यात आम्ही सर्व कुटुंबीय नागपूरहून रामटेकला गेलो होतो. नियोजन माझ्याकडे होते. बँकेत कर्जप्रकरणांची छाननी करणाऱ्या माणसाने घरच्या सहलीची मात्र काहीच छाननी केली नव्हती. निघायला सकाळचे दहा वाजले. दर्शन आटोपून खिंडसी तलावावर पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजत होता. आईने सूर्योदयानंतर थोडेसे दूध घेतले होते, तेवढेच. बरोबरचे गाळलेले पाणी वाटेतच संपले होते आणि बाहेरचे पाणी ती घेत नसे. काठावर सावली शोधता शोधता तिला भोवळ आली. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध. ओल्या पातळात गुंडाळून आम्ही तिला रुग्णालयात नेले. दोन दिवसांनी ती घरी आली. परंतु त्यानंतर आमच्याबरोबर ती कोणत्याही सहलीला आली नाही. "माझ्यामुळे सगळ्यांचा दिवस वाया गेला," असे तिने मनाशी धरून ठेवले होते. वास्तविक तिच्यामुळे काहीच झाले नव्हते. चूक निघण्याच्या वेळेची आणि पाण्याच्या हिशेबाची होती.

गेल्या वर्षी तेच वाक्य मी पुन्हा ऐकले, या वेळी माझ्या वहिनींच्या तोंडून. त्यांचे वय अडुसष्ट, गुडघे दुखरे, सायंकाळी चौविहार. लग्नकार्ये आणि सांत्वनाच्या भेटी वगळता नऊ वर्षांत त्या गावाबाहेर पडलेल्या नव्हत्या. तेव्हा मी ठरविले, की या खेपेस सहल आखायची ती वहिनींना मध्यभागी ठेवून. ज्यांना जाणे सर्वांत कठीण, त्यांना सोयीचे झाले म्हणजे इतरांना ते आपोआप सोयीचे होते. त्या नियोजनाचा तपशील वाचकांना उपयोगी पडेल, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

जवळचेच ठिकाण का?

त्याच्या आदल्या वर्षी माझा पुतण्या पत्नी व दोन मुलांसह एका रिसॉर्टवर दोन रात्री राहून आला होता. खर्च अठ्ठावन्न हजार रुपये, तोही क्रेडिट कार्डावर. पुढे लग्नसराईचा माल भरण्यात पैसा अडकला आणि कार्डाची केवळ किमान रक्कम भरली जाऊ लागली. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरले, तरी पहिल्याच महिन्याचे व्याज दोन हजार तीस रुपये होते. वर्षाचा दर बेचाळीस टक्क्यांवर जातो. जो व्यापारी मालाच्या खरेदीत पाव टक्क्यासाठी घासाघीस करतो, तोच सुटीसाठी बेचाळीस टक्क्यांचे कर्ज काढतो, हे मी नोकरीत असतानाही पुष्कळदा पाहिले आहे. शिवाय एवढे खर्चून आजी-आजोबा घरीच राहिले.

आपल्या श्रावकधर्मातील बारा व्रतांकडे पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर तेथेच सापडते. दिग्व्रत आणि देशावकाशिक व्रत आपल्या येण्याजाण्याच्या क्षेत्राला मर्यादा घालतात. भोगोपभोगाचे परिमाण उपभोगाला मर्यादा घालते. अनर्थदंडविरमण निष्कारण होणाऱ्या हिंसेपासून व नासाडीपासून परावृत्त करते. आनंद घेऊच नये, असे ही व्रते सांगत नाहीत. तो मोजून आणि जपून घ्यावा, असे सांगतात. सकाळी जाऊन सायंकाळी परत येता येईल असा जवळचा तलाव या मर्यादेत नेमका बसतो.

ठिकाण निवडताना मी चार कसोट्या लावल्या. पहिली, घरापासून दीड तासाच्या आत पोहोचता यावे. दुसरी, पाण्याच्या जवळ दुपार काढण्यासाठी पक्के छप्पर असावे. तिसरी, आपल्या आहारनियमांप्रमाणे जेवण मिळावे. चौथी, आजारी माणसाला नेता येईल असे गाव जवळ असावे. नागपूरकरांसाठी रामटेक या चारही कसोट्यांना उतरते. नागपूरपासून सुमारे 50 किलोमीटर अंतर, कामठी, कन्हान आणि मनसरवरून जाणारा चांगला रस्ता, श्री शांतिनाथ दिगंबर जैन अतिशय क्षेत्र, तेथील धर्मशाळा व भोजनशाळा आणि गावापासून थोड्याच अंतरावर टेकड्यांच्या कुशीतला खिंडसी तलाव.

इतर गावच्या वाचकांनाही अशी जोडी आसपास सापडू शकेल. छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींना पैठण जवळ आहे. तेथे श्री मुनिसुव्रतनाथांचे अतिशय क्षेत्र आहे आणि जायकवाडीचा नाथसागरही. नाशिककरांना म्हसरूळचे गजपंथा आणि गंगापूर धरण एका दिवसात करता येते. पुणेकरांना कात्रजला टेकडीवरील आगम मंदिर आणि खाली पेशवेकालीन तलाव आहे. ठिकाण बदलले तरी पुढील नियोजन बहुतांशी तेच राहील.

दिवस कोणता निवडावा?

विदर्भातील उन्हाळा हा थट्टेचा विषय नाही. मेच्या उत्तरार्धात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, नागपूर परिसरात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. म्हणून परीक्षा संपताच, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातील दिवस आम्ही निवडला. गर्दी टाळण्यासाठी रविवार सोडला. अष्टमी-चतुर्दशीला घरात कोणाचा उपवास वा एकासणे असते, तेही पंचांगात पाहून घेतले. उपवासाच्या दिवशी उन्हात प्रवास करणे हे तप नव्हे, तो निष्काळजीपणा होय.

दुकान बंद ठेवण्याचा प्रश्न दादांनी उपस्थित केलाच. "चाळीस हजारांची विक्री बुडेल," असे ते म्हणाले. मी कागद पुढे ओढला. चाळीस हजार ही विक्री. किराण्यातील सुटतो तो नफा सरासरी सहा टक्के धरला, तर चोवीसशे रुपये. त्यातील निम्मे गिऱ्हाईक बांधलेले, ते दुसऱ्या दिवशी येणारच. म्हणजे खरे नुकसान बाराशे रुपयांचे. दादांनी आकडे दोनदा तपासले आणि "तालुक्याच्या उधारीवाल्यांना आधी फोन करून टाकतो," असे म्हणून होकार दिला. व्यापारी माणसाला भावनेने पटत नाही ते हिशेबाने पटते, हा माझा जुना अनुभव आहे.

वेळापत्रक

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नागपुरात सूर्योदय 5 वाजून 50 मिनिटांच्या सुमारास आणि सूर्यास्त 6 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास होतो. या दोन वेळांच्या चौकटीतच आपल्याला दिवस बसवायचा असतो. आम्ही पुढीलप्रमाणे आखणी केली.

पहाटे 5.15 : घरातून प्रस्थान. सामान रात्रीच दाराशी बांधून ठेवलेले.

6.30 : रामटेक क्षेत्रावर आगमन व दर्शन. दर्शनाशिवाय तोंडात पाणी न घेण्याचा वहिनींचा नियम आहे, त्यामुळे तलावाआधी मंदिर. नवकारसीचा नियम असणाऱ्यांसाठी सूर्योदयानंतर 48 मिनिटे धरली असता 6 वाजून 38 मिनिटे होतात. तीही वेळ दर्शन होईपर्यंत उलटते.

7.15 : धर्मशाळेच्या ओट्यावर न्याहारी.

8.00 ते 10.00 : खिंडसी तलाव. फेरफटका, नौकाविहार, मुलांचे खेळ.

10.00 : तलाव सोडायचा. हा नियम मोडायचा नाही.

10.30 ते 4.00 : धर्मशाळेतील खोलीत स्नान, भोजनशाळेत जेवण, विश्रांती, सामायिक, वाचन.

4.15 : गडाच्या पायथ्याचा अंबाळा तलाव आणि तेथील घाट, ज्यांना शक्य आहे त्यांनी वाहनाने गडावर जाऊन यावे.

5.15 : सायंकाळचे भोजन, बरोबरच्या डब्यांतून.

5.50 : परतीचा प्रवास. सूर्यास्तापूर्वी दहा मिनिटे गाडी थांबवून सर्वांनी पाणी घ्यायचे.

7.15 पर्यंत : घरी.

या आखणीत दुपारचे साडेपाच तास "रिकामे" दिसतात आणि तरुण मंडळींनी त्यावर आक्षेप घेतला. परंतु 1999 साली आम्ही जे घालवले ते नेमके हेच साडेपाच तास होते. दुपारी अकरा ते चार या काळात तलावाचा काठ ही सहलीची जागा नव्हे. वरून ऊन, खालून तापलेले दगड आणि समोरून पाण्यावर परावर्तित होणारा प्रकाश, असा तिहेरी मारा तेथे होतो.

पाण्याचा हिशेब

माणशी किमान तीन लिटर पिण्याचे पाणी, हे आमचे माप होते. अकरा माणसे आणि चालक मिळून बारा. म्हणजे छत्तीस लिटर. वीस-वीस लिटरचे दोन डबे पुरतात. पाणी घरीच गाळून, उकळून, निववून घेतले. श्वेतांबर परंपरेत उकळलेल्या पाण्याची मर्यादा उन्हाळ्यात पाच प्रहर, म्हणजे ढोबळमानाने पंधरा तास मानली जाते. पहाटे साडेचारला चुलीवरून उतरविलेले पाणी सायंकाळी साडेसातपर्यंत चालते आणि आपला दिवस त्याआधीच संपतो. ज्या घरी नियम वेगळा असेल त्यांनी आपापल्या आम्नायाप्रमाणे हिशेब करावा. गाळणे व एक रिकामे भांडे बरोबर ठेवावे, म्हणजे क्षेत्रावर पाणी भरून घेण्याची वेळ आली तरी अडचण पडत नाही.

आमच्याकडे उन्हात जाताना खिशात कांदा ठेवण्याची लोकरीत आहे. आपल्या घरात कांदाच नाही, तेव्हा त्याची उणीव कैरीच्या पन्ह्याने भरून काढावी. त्याने तहानही भागते आणि घामावाटे गेलेले मीठही परत मिळते. याशिवाय ओआरएसची चार पाकिटे पिशवीत असावीत. पाकिटावर सांगितले आहे तेवढ्याच पाण्यात ती कालवावी, अंदाजाने नव्हे. रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हातील दिवसाबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. लघवी अधिक होण्याच्या गोळ्या चालू असतील तर हे विशेष महत्त्वाचे.

डब्यात काय असावे?

बटाटा वगळला की सहलीचा डबा अवघड वाटतो. तसा तो नाही. शिवाय आदल्या दिवशीचे ओलसर पदार्थ आपल्याला चालत नाहीत आणि उन्हाळ्यात ते कोणालाही चालू नयेत. बासी अन्नाविषयीचा आपल्या पूर्वजांचा नियम एप्रिल-मे महिन्यांत किती शहाणपणाचा आहे, हे सांगण्यास वैद्याची गरज नाही.

आम्ही न्याहारीसाठी खाकरे, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि सातूचे पीठ नेले. सातूच्या पिठात गूळ आणि पाणी घालून कालवले की मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांना पचते आणि पोटही थंड राहते. सायंकाळसाठी पहाटे केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कच्च्या केळ्यांची कोरडी भाजी. पुऱ्या मोहन घालून खरपूस तळल्या आणि कापडात बांधल्या तर संध्याकाळपर्यंत चांगल्या राहतात. भाजीत मात्र पाण्याचा अंश नको. ताक न्यायचे तर ते दुपारच्या आत संपवावे आणि द्विदलाचा दोष टाळण्यासाठी डाळीच्या पदार्थांबरोबर घेऊ नये. फळांत टरबूज व आंबे. आर्द्रा नक्षत्र लागल्यावर आंबा वर्ज्य करणाऱ्यांना हेच तर आंब्याचे दिवस! टरबूज अखंड न्यावे आणि जागेवर कापून लगेच संपवावे.

दुपारच्या जेवणासाठी भोजनशाळेत दोन दिवस आधी संख्या कळविली. न कळविता बारा माणसे दारात उभी राहणे हे तेथील सेवकांवर अन्याय करणारे आहे. क्षेत्र हे हॉटेल नव्हे. खोली घेतली तर ती झाडून परत द्यावी, मोबाइलवरील गाणी बंद ठेवावीत आणि साधू-साध्वी विराजमान असतील तर मुलांना त्यांच्या वंदनेची रीत आधी समजावून सांगावी. आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांचे एकाहून अधिक चातुर्मास या क्षेत्रावर झाले आहेत. त्या स्थानाची शांतता आपल्या येण्याने ढळू नये.

पाण्याशी खेळ नको

तलावावरचे माझे सर्व नियम एका वाक्यात सांगायचे तर असे : पाणी पाहायला जावे, पाण्यात उतरायला नव्हे.

उन्हाळ्यात जलाशय आटतो आणि काठाचा बराच भाग उघडा पडतो. वरून वाळलेली, भेगाळलेली माती दिसते. तिच्याखाली गाळ असतो. त्यावर पाय दिला की तो घोट्यापर्यंत, कधी त्याहून खोल रुततो. पाण्याखालील उतार एकसारखा नसतो. गुडघाभर पाण्यातून दुसऱ्याच पावलाला गळ्याइतके पाणी लागू शकते. म्हणून दहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस नावानिशी नेमावा. "सगळे लक्ष ठेवतील" याचा अर्थ कोणीच लक्ष ठेवणार नाही, असा होतो. बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या दोन ठरावीक अधिकाऱ्यांकडे असतात, सर्वांकडे मिळून नसतात, ते याचसाठी.

नौकेत बसताना लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालावे आणि त्याचे पट्टे बांधून घ्यावेत. जॅकेट पुरेसे नसतील तर जेवढी जॅकेट तेवढीच माणसे. उरलेल्यांनी पुढच्या फेरीची वाट पाहावी. नाव चालू असता उभे राहून छायाचित्र काढू नये. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर अचानक वावटळ आणि विजांसह पाऊस येण्याचा संभव असतो. आभाळ दाटून आले, की तिकिटाच्या पैशांचा विचार न करता काठावर यावे आणि एकट्या उंच झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जावे.

कोणाला उन्हाचा त्रास झालाच तर लक्षणे ओळखावीत. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, ही पहिली सूचना. माणसाला सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, थोडे थोडे पाणी द्यावे. अंग फार तापले आणि बोलणे असंबद्ध झाले तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी मारून, वारा घालून शरीर थंड करीत करीत तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी मात्र घालू नये.

आणखी एक गोष्ट. उरलेले अन्न पाण्यात टाकण्याला अनेक जण दया समजतात. तेल-मसाल्याचे अन्न पाण्यात कुजते, त्या कुजण्यात पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि ज्यांच्यावर दया करायची त्यांचाच श्वास कोंडतो. प्लास्टिकच्या पिशव्यांबद्दल तर बोलायलाच नको. नेलेले सर्व परत आणावे. गडावर वानरांचा वावर बराच आहे. तेथे हातात खाऊची पिशवी नसावी आणि त्यांना बोलावून भरवूही नये.

जमाखर्च

आमच्या अकरा जणांच्या दिवसाचा प्रत्यक्ष खर्च असा झाला. दर ठिकाणाप्रमाणे व हंगामाप्रमाणे बदलतील. प्रमाण लक्षात घ्यावे.

सतरा आसनी गाडी, इंधन व चालकासह : 5,500 रुपये
टोल व वाहनतळ : 300 रुपये
धर्मशाळेची खोली व क्षेत्रास दान : 1,100 रुपये
भोजनशाळा, चालकासह बारा जण : 1,200 रुपये
नौकाविहार, आठ जण : 1,200 रुपये
न्याहारी, सायंकाळचा डबा, फळे : 900 रुपये
औषधे व किरकोळ : 300 रुपये
एकूण : 10,500 रुपये

माणशी सुमारे 955 रुपये. यातील निम्म्याहून अधिक रक्कम वाहनाची आहे. कुटुंब लहान असेल तर एसटीने जावे. राज्य परिवहनच्या गाड्यांत महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत आहे; 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि 75 वर्षांवरील नागरिकांना प्रवास विनामूल्य आहे. वयाचा पुरावा जवळ ठेवावा. सासू, सून आणि दोन वृद्ध असे चौघे निघाले तर एकालाही पूर्ण तिकीट पडत नाही. मात्र एसटीने जाताना गावातून तलावापर्यंतच्या रिक्षाचे जाण्या-येण्याचे भाडे आधी ठरवून घ्यावे.

आता एवढी रक्कम एकदम काढणे जड वाटत असेल तर दुकानदाराला सोपा मार्ग आहे. रोज गल्ला मोजताना तीस रुपये वेगळ्या डब्यात टाकावेत. वर्षाचे 10,950 रुपये होतात. सहलीचा खर्च भागून 450 रुपये शिल्लक राहतात आणि कोणालाही व्याज द्यावे लागत नाही. बेचाळीस टक्क्यांच्या कर्जापेक्षा तीस रुपयांचा डबा बरा.

तो दिवस

प्रत्यक्ष दिवस नियोजनाप्रमाणेच गेला, असे मी म्हणणार नाही. निघायला वीस मिनिटे उशीर झाला, नातवाची चप्पल गाळात रुतली आणि दादांनी सकाळच्या आठ ते दहा या वेळात दुकानाचे सात फोन घेतले. परंतु शांतिनाथ भगवंतांच्या त्या भव्य खड्गासनस्थ मूर्तीसमोर वहिनी किती तरी वेळ हात जोडून उभ्या होत्या. तलावावर आल्यावर त्यांनी "मी इथेच सावलीत बसते," असे म्हटले. नातीने लहान मापाचे जॅकेट घातले होते, ती दुसरे मोठे घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. नऊवारीवर ते नारिंगी जॅकेट चढवून, दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून, वहिनी नावेत बसल्या. नाव टेकडीच्या सावलीत गेली तेव्हा त्यांनी एक हात सोडला.

दुपारी धर्मशाळेच्या खोलीत त्यांनी सामायिक केले. मुले शेजारी पत्ते मांडायच्या बेतात होती. आजीला पाहून ती अठ्ठेचाळीस मिनिटे आपण होऊन कुजबुजत राहिली. नंतर मी त्यांना कालिदासाच्या 'मेघदूता'तील यक्षाची गोष्ट सांगितली. त्या काव्यातील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले आहे. आपल्याच जिल्ह्यातील डोंगर एवढ्या मोठ्या काव्यात आहे, हे ऐकून सायंकाळी मुले गडावर धावली. आम्ही चौघे वृद्ध अंबाळ्याच्या घाटावर बसून राहिलो. दादांचा फोन तोपर्यंत चार्जिंगअभावी बंद पडला होता आणि त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही.

परतताना मनसर ओलांडल्यावर गाडी थांबवून सर्वांनी पाणी घेतले. पश्चिमेला सूर्य टेकत होता. त्या वेळी मला आईची आठवण झाली. तिला एवढेच हवे होते : पहाटेचा प्रवास, पुरेसे पाणी आणि दुपारी एक छप्पर. ते देणे मला तेव्हाही परवडले असते. ते सुचले नाही इतकेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो तर गल्ल्याशेजारी पितळेचा एक जुना डबा ठेवलेला दिसला. दादांना विचारले. ते म्हणाले, "तुझ्या वहिनीने पाठवला आहे. रात्री दुकान वाढवले की त्यातले तीस रुपये तीच मोजून घेणार आहे."

जय जिनेंद्र.